पाच थाऊची मोकळीक

१२ मार्च

ही डायरी गेल्या वर्षीची आहे. पाइपांच्या दुकानदाराने यंदाही डायऱ्या वाटल्या, पण माझा नंबर आला तेव्हा संपल्या म्हणाला. तेव्हा छापलेल्या वारांकडे वाचणाऱ्याने लक्ष देऊ नये, तारखा बरोबर आहेत. वाचणारे पुढेमागे पुष्कळ होतील याची मला खात्री आहे, म्हणून आधी ओळख करून देतो. मी चुडामण. जळगावात नेरी नाक्याजवळ ‘चुडामण ऑटो वर्क्स’ आहे, ते माझं. गावात मोटारी दुरुस्त करणारे रग्गड आहेत. इंजिनाचा विचार करणारा मी एकटा.

आज दोन गोष्टी घडल्या. घरमालक येऊन सांगून गेला की मे अखेर गॅरेजची जागा मोकळी करा, इथे दुकानांची इमारत होणार. ही झाली वाईट गोष्ट. चांगली ही की शिरपूरच्या जिनिंगमध्ये सरकीच्या ढिगाखाली वर्षानुवर्षं पडलेली काळी विलायती मोटार शेटजींनी मला देऊन टाकली. "घेऊन जा बाबा, जागा अडते," म्हणाले. ट्रॅक्टरला बांधून आणली. बॉनेट उघडलं तर आत उंदरांचं बिऱ्हाड. पण इंजिन आहे चार सिलिंडरचं, आणि त्याच्यात काय दडलंय ते मला दिसतं.

द्रौपदा, म्हणजे आमची मंडळी, गाडीकडे बघून म्हणाली, "जागा जायची वेळ आली आणि तुम्ही आणखी एक गाडी आणून ठेवली." बायकांना एका वेळी एकच गोष्ट दिसते.

३० मार्च, पाडवा. पारोळा.

सासुरवाडीला आलो. सासरे सुपडूआबा. जन्मभर बैलबाजारात दलाली केली, आता ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याची चाल बघतात. त्यांना मुलगा नाही. थोरली द्रौपदा मला दिली, धाकटी पुष्पा धुळ्याच्या लोटनला. म्हणजे लोटन माझा साडू. त्याचंही धुळ्यात गॅरेज आहे. माणूस म्हणून लोटन वाईट नाही, पण कारागीर म्हणून पुस्तकी. नट आवळायचा तरी आधी पुस्तक उघडून बघतो.

आबांची पारोळ्याला हायवेलगत मोक्याची जागा पडून आहे. जळगाव-धुळ्याच्या मधोमध म्हटली तरी चालेल, प्रत्येक ट्रक तिथूनच जातो. श्रीखंडाची वाटी पुढे येताच मी विषय काढला. लोटन मान खाली घालून पुरी खात राहिला. आबांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं, बाजारात जोडी बघतात तसं, आणि म्हणाले, "दोन्ही जावाई इंजिनवाला. जेनं इंजिन टिकी, तेले जागा."

ठरलं ते असं: आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, आबांच्या पुतण्याचं, छगनचं लग्न आहे. दोघांनी आपापलं इंजिन बांधून गाडी लग्नाला आणायची. तिथे निकाल. लोटनकडे एक जुनी जीप आहे. ती चढावर बकऱ्यांनासुद्धा पुढे जाऊ देते. मला इतकं हसू आलं की ठसका लागला.

परत येताना एस.टी.त द्रौपदा म्हणाली, "आबा टिकणारं म्हणाले. पळणारं नाही म्हणाले."

मी म्हटलं, जे पळतं तेच टिकतं. तिने खिडकीबाहेर पाहिलं. जागा नाही मिळाली तर काय, हे तिने विचारलं नाही आणि मीही बोललो नाही. इथे लिहून ठेवतो. नाही मिळाली तर धुळ्याला लोटनच्या हाताखाली पाने उचलून द्यावे लागतील. त्यापेक्षा केळीच्या ट्रकवर क्लीनर झालेलं काय वाईट?

४ एप्रिल

इंजिन उघडलं. उंदरांनी आतलं काही खाल्लेलं नाही. विलायतेत हे इंजिन ज्या ताकदीसाठी बांधलं, तिच्या दुप्पट ताकद काढायची असा माझा संकल्प आहे. हेड घासून स्फोटाची जागा लहान केली. दोन कार्ब्युरेटर लावणार. फ्लायव्हील म्हणजे ते जड चाक, त्याचं निम्मं वजन लेथवर उतरवलं. नवशिक्यासाठी सांगतो, इंजिनाचा जीव क्रँकमध्ये असतो. पिस्टन वरखाली होतात, त्यांचा जोर क्रँक गोल फिरवतो. तो क्रँक तीन ठिकाणी बेरिंगच्या वाट्यांमध्ये टेकलेला असतो, आणि वाटी आणि लोखंड यांच्यामध्ये तेलाचा पडदा असतो. पडदा आहे तोवर लोखंडाला लोखंड लागत नाही. हे लोटनलाही माहीत आहे. फरक पुढे आहे.

७ एप्रिल

क्रँक घासायला एम.आय.डी.सी.त नथ्थूकडे गेलो. ग्राइंडिंगला त्याच्यासारखा हात नाही, पण तोंड फार. मी त्याला सांगितलं, क्रँकची गोलाई जिथे संपते आणि उभी भिंत सुरू होते, तो कोपरा मला काटकोनात हवा, आरशासारखा.

"चुडामणभाऊ, कोपऱ्यात थोडी गोलाई ठेवतो," नथ्थू म्हणाला.

"का? तुझ्या दगडाची धार गेली काय?"

"धार आहे. पण धारदार कोपऱ्यातूनच लोखंड चिरतं. तुम्ही कुळधर्माचा कडक रोट फोडता तेव्हा आधी नखाने रेघ मारता ना?"

मी म्हटलं, मी इंजिन बांधतोय, रोट नाही. गोल कोपरा म्हणजे आळशी कारागीर. त्याने पुढे वाद घातला नाही, मला हवा तसा कोपरा काढून दिला. सुंदर दिसतो. नखाने तपासला, नख अडकतं.

नखाचं ते बोलणं दिवसभर मनातून जाईना, हे खरं. पण घासलेलं लोखंड परत भरता येत नाही. झालं ते चांगल्यासाठीच.

९ एप्रिल

आज मुख्य काम केलं. पुढल्या पिढ्यांनी हे पान नीट वाचावं.

बेरिंगची वाटी आणि क्रँक यांच्यात किती मोकळी जागा ठेवायची? पुस्तकात दोन थाऊ. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. डोक्याचा केस तीनएक थाऊ भरतो. लोटनने नक्कीच दोन ठेवली असणार, पुस्तक उघडून. पण पुस्तक लिहिलं कुठे? विलायतेत. तिथे माणसं उन्हाळ्यातही कोट घालतात. आणि इंजिन चालणार कुठे? वैशाखात, जळगावला, जिथे दुपारी डांबरात चप्पल रुतते. माझे वडील बैलगाडीच्या चाकांवर लोखंडी धावा चढवत. धाव भट्टीत लाल केली की फुगते, तेव्हाच चाकावर बसते. लोखंड उन्हाने फुगतं हे मला कुणी शिकवायला नको. विलायती दोन थाऊमध्ये क्रँक फुगला तर आवळून बसेल की नाही? म्हणून मी पाच थाऊ ठेवले. हाताने फिरवला तर भिंगरीसारखा फिरतो. आणि तेल घातलं अगदी पातळ, म्हणजे ते ओढण्यात ताकद वाया जायला नको.

द्रौपदाला बोलावून दाखवलं. तिने एका बोटाने क्रँक फिरवला आणि म्हणाली, "माझ्या मशीनचा दांडा असा मोकळा फिरायला लागला की मी तो दुरुस्तीला टाकते." शिलाई मशीन आणि मोटार यांच्यातला फरक मी तिला समजावला. तिने ऐकून घेतलं आणि भाजी चिरायला गेली.

१६ एप्रिल

इंजिन सुरू झालं! पहिल्या झटक्याला नाही, पण झालं. नारळ फोडला. आवाज असा की शेजारच्या डाळमिलचा मुनीम बाहेर येऊन बघून गेला. मंद चालीला जरा थरथरतं, फ्लायव्हील हलकं केल्यामुळे. वाघाला बांधून ठेवलं तर तो थरथरणारच. तेलाचा दाब कमी झाला की पेटणारा लाल दिवा डॅशबोर्डवर आहे, तो मंद चालीला लुकलुकतो. ॲक्सिलरेटर दाबला की विझतो. म्हणजे या इंजिनाला हळू चालणं आवडत नाही.

पेंटरकडून पाटी रंगवून घेतली: ‘खान्देशातील एकमेव हायपॉवर इंजिनतज्ज्ञ’. पारोळ्याच्या जागेवर लावायला.

१९ एप्रिल

आज चाचणी. नवीन इंजिन आधी सांभाळून, हळूहळू रुळवायचं असतं असं लोटन मानतो. त्याने म्हणे जीपमध्ये सरकीची पोती भरून धुळे-पारोळा खेपा चालवल्या आहेत. मी एरंडोलच्या रस्त्याला लागलो आणि पाय खाली दाबला. काय सांगू! झाडं मागे पळायला लागली. डोळ्यांत पाणी आलं, वाऱ्याने म्हणा, आनंदाने म्हणा. आनंदानेच आलं. एस.टी. बस मी अशी मागे टाकली की तिच्यातली माणसं खिडक्यांतून बाहेर बघायला लागली. ड्रायव्हरने तर अर्धा बाहेर वाकून हात हलवला, काहीतरी ओरडला, आणि मागे रस्त्याकडे बोट दाखवत राहिला. मी तुला किती मागे टाकलं बघ, असंच म्हणत असणार. एवढ्या मोठ्या मनाचे ड्रायव्हर कमी. मीही हॉर्न वाजवून नमस्कार केला.

घरी आल्यावर तेल पाहिलं तर बरंच कमी झालेलं. ताकदवान इंजिन खाणारच. ओतलं.

२७ एप्रिल

द्रौपदा आखाजीसाठी माहेरी गेली. जाताना म्हणाली, "गाडीखाली रोज तेलाचं थारोळं असतं. एवढं एकदा बघा." गाडीने आपली जागा ओळखली, असं मी म्हटलं. ती हसली नाही. "मला पारोळ्याची जागा पाहिजे," म्हणाली. "तुमच्यासाठी नाही, आपल्यासाठी. साडूच्या दारात तुम्हाला उभं राहिलेलं मला बघवणार नाही." एवढं बोलून ती रिक्षात बसली.

घर फार शांत आहे. पुन्हा उघडून बेरिंग बघावी का? एवढं आवळलेलं उघडायचं, तेही लग्न तोंडावर. मग पाच थाऊचं काय झालं असं लोक विचारतील. नको.

आखाजी. पारोळा.

आमरस आणि पुरणपोळी. झोपाळ्यावर माहेरवाशिणींची गाणी चालली होती. द्रौपदा आणि पुष्पा एका झोपाळ्यावर बसून सकाळपासून काहीतरी कुजबुजत होत्या. मी जवळ गेलो की गाणं म्हणायला लागायच्या.

लोटनची जीप आवारात उभी होती, सरकीचा भुस्सा लागलेली. मी विचारलं, "काय लोटनराव, पळते का?"

"चालते," तो म्हणाला. "बेरिंग पुस्तकाप्रमाणे बसवल्या. पळवून बघितली नाही."

आबा ओट्यावरून ऐकत होते. ते म्हणाले, "बैल पयाडीसन नही, चालाडीसन लेतस, जावाईबापू." म्हणजे बैल पळवून नव्हे, चालवून विकत घेतात. मग समजावून सांगायला लागले. पळवला तर मरतुकडं जनावरसुद्धा काठीच्या भीतीने पळतं. गाडीला जुंपून, ओझं टाकून, भर उन्हात पावलापावलाने चालवायचं, तेव्हा खोड बाहेर पडते. "लगीनमा तसंच करसूत," म्हणाले. नवरदेवाची मिरवणूक माझ्या गाडीतून, बायका आणि रुखवत लोटनच्या जीपमधून. वेशीपासून मांडवापर्यंत बँडमागे पावलापावलाने.

मी म्हटलं, आबा, हे इंजिन तासाला ऐंशी मैल जाणारं आहे. आबा म्हणाले, "मंग ते हयू चालाले काय घाबरस?" हळू चालायला घाबरतं कोण? चालण्यासारखी सोपी गोष्ट दुसरी नाही. वाघ चालतच नाही का कधी? पण ही परीक्षा माझ्या इंजिनाच्या लायकीची नाही एवढं खरं.

६ मे. पारोळा.

रागातच लिहायला बसलो. जसं घडलं तसं लिहितो.

मुहूर्त गोरज. मिरवणूक दुपार कलती झाल्यावर निघाली. ऊन असं की बँडवाल्यांच्या टोप्यांतून घाम गळत होता. गाडी झेंडूने मढवली होती. मागे बाशिंग बांधलेला छगन लिंबू-कट्यार घेऊन, शेजारी त्याची बहीण, आणि पुढे माझ्याशेजारी आबा. बँडच्या भोंग्याची वायर माझ्या बॅटरीला जोडली होती. मागे लोटनची जीप.

गाडी निघाली ती पावलापावलाने. प्रत्येक चौकात पोरं नाचायला थांबायची. अर्ध्या रस्त्यात लाल दिवा लुकलुकायला लागला आणि मग लागूनच राहिला.

आबा म्हणाले, "हाऊ लाल दिवा कसाना शे?"

मी सांगितलं, भोंग्यामुळे. बॅटरी भोंगा खातोय. दिव्यावर झेंडूची माळ सरकवली, नवरदेवापुढे लाल दिवा बरा दिसत नाही.

मग ढोल बिघडला. चांगला ताल चालला होता, त्यात मध्येच एक ठक, ठक, ठक असा आवाज घुसला, ढोलाशी न जुळणारा. मी मान बाहेर काढून ढोलवाल्याला झापलं, "अरे तालात वाजव! लग्न आहे की काय आहे?" तो बिचारा वरमला, ढोल थांबवला. ठक ठक चालूच. म्हणजे दुसरा ढोलवाला चुकत होता. त्यालाही थांबवलं. किल्ल्याजवळ तर सगळा बँड पाणी प्यायला थांबला, तरी आवाज येत होता. किल्ल्याच्या तटावरून इतका वेळ प्रतिध्वनी घुमत राहतो हे मला माहीत नव्हतं. जुनं बांधकाम खरंच वेगळं.

जीपमधून द्रौपदा खाली उतरली आणि माझ्या खिडकीशी आली. "अहो, आवाज तुमच्या गाडीतून येतोय."

"नाचता येईना अंगण वाकडं, त्या ढोलवाल्यांचं," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे पाहिलं. तसं तिने मला लग्नात अंतरपाट बाजूला झाला तेव्हाही पाहिलं नव्हतं. मग परत गेली.

मांडव दिसायला लागला. म्हटलं आता शेवटी थोडी ताकद दाखवावी. पाय दाबला. आतून धडाड्‌ असा आवाज झाला आणि गाडी जागच्या जागी थांबली. बॉनेटखालून धूर. भोंगा मात्र चालूच राहिला.

आबा खाली उतरले. बठ्ठा गाव, झाडून सगळा, बघत होता. त्यांनी एवढंच विचारलं, "काय व्हयनं?" मी म्हटलं, नजर लागली. मुहूर्त तोंडावर आलेला. नवरदेव बाशिंग सांभाळत, कट्यार काखेत मारून लोटनच्या जीपमध्ये चढला, रुखवताच्या ट्रंकेवर बसला, आणि मांडवात पोचला. मी बाहेर झेंडूच्या माळा काढत बसलो. आत अक्षता पडल्या तेव्हा मला ऐकू आल्या.

माझी खात्री आहे, ती नजरच. पण नजर लागली तर मग द्रौपदा माझ्याशी बोलत का नाही?

७ मे

जेवलो नाही. लोटनने जीपला बांधून गाडी आबांच्या आवारात आणली. मी मदत केली नाही, त्यानेही मागितली नाही.

१० मे

इंजिन उघडलं. क्रँक मधोमध मोडलेला. बरोबर त्या काटकोनी कोपऱ्यातून, नखाने रेघ मारून रोट फोडावा तसा. वाट्यांचा पांढरा धातू वितळून तळाला लोंबत होता, तेल असं काळं आणि पातळ की पाणी परवडलं. हे उन्हाने झालं. मी पाच थाऊ ठेवले, सहा ठेवायला हवे होते.

हे लिहून पुन्हा वाचलं. लिहायला सोपं गेलं, वाचायला जात नाही.

लोटन येऊन शेजारी बसला. मोडलेले दोन्ही तुकडे हातात घेतले, जोडून पाहिले. "चुडामणभाऊ, कोपरा गोल ठेवला असता तर," एवढं म्हणाला आणि थांबला. मी त्याला चहा विचारला. दुसरं काय करणार?

१५ मे

निकाल लागला.

ओट्यावर आबा, आम्ही दोघे जावई, आणि दाराआड दोघी बहिणी. मी मान खाली घालूनच बसलो होतो. जागा लोटनला मिळणार हे उघड होतं. धुळ्याला जायचं, त्याच्या पोरांसमोर त्याच्या हाताखाली काम करायचं, हे मी मनाशी ठरवूनही टाकलं होतं.

आबा म्हणाले, "जीप टिकनी. मंग लोटनराव, तुमी आठे कव्हय बसशात?"

लोटन म्हणाला, आबा, माझं धुळ्याचं काम सोडून मी इथे बसू शकत नाही. मग ही जागा घेऊन काय करणार, असं आबा म्हणाले. तेव्हा दाराआडून द्रौपदा बाहेर आली आणि पुष्पा तिच्यामागे. आखाजीच्या झोपाळ्यावर काय कुजबुज चालली होती ते आता कळलं. दोघींनी तिथेच ठरवून टाकलं होतं: हायवेवर ट्रक थांबतात, ऊस जवळ आहे, रसवंती काढायची. चरकाला इंजिन लागतं. द्रौपदा म्हणाली, "यांचं इंजिन आहे. ताकद भरपूर आहे, ती कधी कामाला आली नाही एवढंच."

आबा खुदकन हसले. "जागा मन्या आंडेरीसले दिधी," म्हणाले. आंडेर म्हणजे लेक. जावयांकडे त्यांनी पाहिलंही नाही.

मी द्रौपदाकडे पाहिलं. ती म्हणाली, "इंजिन तुम्ही बसवायचं. पण लाल दिवा माझ्यासमोर लागेल, गल्ल्याजवळ. तो लागला की इंजिन बंद. त्यावर माळ सरकवायची नाही." नऊ दिवसांनी ती माझ्याशी पहिल्यांदा बोलली. मला रडू आलं, आणि सगळ्यांसमोर आलं. आबांनी तोंड फिरवून पान लावायला घेतलं.

लोटनच्या हाताखाली जावं लागलं नाही, हे महत्त्वाचं.

२८ मे

लोटन धुळ्याच्या भंगारबाजारातून दुसरा क्रँक शोधून घेऊन आला. त्याला लाज वाटत असणार, म्हणून आणला. मी नथ्थूकडे गेलो. या वेळी मी एक नवीनच पद्धत शोधून काढली आहे: क्रँकच्या कोपऱ्यात थोडी गोलाई ठेवायची, म्हणजे जोर एका रेघेवर न पडता पसरतो. नथ्थूला समजावून सांगितलं. तो म्हणाला, "वा, भाऊ!" आणि तोंडावर फडकं धरून बराच वेळ खोकत होता. दगडाची धूळ फार त्याच्याकडे.

बेरिंगची मोकळीक दोन थाऊ. हाही माझा स्वतंत्र निष्कर्ष. पुस्तकाशी जुळला हा योगायोग.

गॅरेज रिकामं केलं. पाटी ट्रकमध्ये चढवताना डाळमिलचा मुनीम हात जोडून उभा राहिला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच.

१६ जून. पारोळा.

रसवंती सुरू होऊन दोन आठवडे झाले. चरकाला घुंगरू बांधलेत, ते इंजिनाच्या चालीवर वाजतात. मंद, एकसारखी चाल. दोन कार्ब्युरेटरपैकी एक द्रौपदाने काढून ठेवायला लावला. माझी पाटी मागच्या बाजूला उसाच्या भाऱ्यांना सावली म्हणून वापरतात. पुष्पा धुळ्याहून सकाळच्या एस.टी.ने येते आणि बर्फ फोडते. लोटन आठवड्यातून एकदा येतो, तेलात बोट बुडवून बघतो, आणि दोन ग्लास रस पितो. गल्ल्याजवळ लाल दिवा आहे. विझलेला असूनही गिऱ्हाइकांना वाटतं देवापुढचा आहे. एकजण परवा त्याला हात जोडून गेला.

दुपारी जळगाव-धुळे एस.टी. थांबली. ड्रायव्हर खाली उतरला, रस घेतला आणि झाडाखाली ठेवलेल्या काळ्या गाडीच्या सांगाड्याकडे बघत राहिला.

"ही गाडी एप्रिलात एरंडोलच्या रस्त्याला होती का हो?"

मी ताठ झालो. म्हटलं, हो, माझीच. तुम्हीच हात हलवला होता ना?

"हात काय, गळा फाडून ओरडलो," तो म्हणाला. "मागे रस्त्याभर तेलाची रेघ पडत होती तुमची. म्हटलं थांबा, इंजिन जाईल. तुम्ही हॉर्न वाजवून पुढे गेलात."

घुंगरू वाजत होते. मी त्याच्या ग्लासात आणखी रस ओतला, काठोकाठ. तो गेला, बस गेली. मी लाल दिव्याकडे पाहिलं. विझलेला होता. मग द्रौपदाकडे पाहिलं. ती ऊस सोलत होती, मान वर न करता. तिने ऐकलं की नाही ते मी विचारलं नाही. तिने ऐकलं होतं. थोड्या वेळाने तिने एक ग्लास भरून माझ्यासमोर ठेवला, आलं-लिंबू घालून, आणि म्हणाली, "प्या. आवाज चांगला येतोय आज."